पोत्यातले शंभर दाणे

चतुर्थीला राजूरला येणारा माणूस गणपतीच्या दर्शनाला आलेला असतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येणारा बहुधा बियाण्यासाठी आलेला असतो. भोकरदन तालुक्यातल्या या गावाच्या बाजारात दोन कृषी सेवा केंद्रं समोरासमोर होती, असं धरून चालू. एक नानांचं. पत्र्याचं, जुनं, पुढं ओटा असलेलं. दुसरं भैय्याचं. काचेचं दार, आत पंखे आणि गल्ल्यावर क्यूआर कोड. नाना, भैय्या आणि त्यांच्याकडं येणारी जिजी ही माणसं गोष्टीतली आहेत. त्यांच्या भोवतालचे सरकारी दर, सालं आणि कायदे मात्र खरे आहेत.

जालना जिल्ह्यात बियाण्याची गोष्ट सांगायची म्हणजे जरा मागं जावं लागतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि पुढं या शहराच्या आजूबाजूला बियाण्याच्या कंपन्या उभ्या राहत गेल्या. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. पण कंपन्या शहरात असल्या तरी बी तयार होतं ते खेड्यातल्या वावरात, आणि तिथं ते तयार करतात बाया. जिजी तरुणपणी कपाशीच्या बीज प्लॉटवर रोजंदारीनं जायची. दुपारनंतर मादी ओळीतल्या कळ्या नखानं सोलून आतले पुंकेसर काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्याचे पराग लावायचे. याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. संकरित बी म्हणजे काय, त्याला भाव का येतो आणि घरी धरलेल्या सरकीतून तसलंच झाड पुन्हा का येत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिची नखं त्या कामानं काळी पडली होती.

आता तिच्याकडं चार एकर आहे. दोन एकर कपाशी, दोन एकर सोयाबीन. मुलगा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात, सून आणि नातू गावात. नातू बारावी झालेला, हातात मोबाइल आणि जगातल्या प्रत्येक भावाची खबर.

२०२० च्या जूनमध्ये पाऊस वेळेवर आला आणि जिजी सोयाबीनच्या दोन बॅगा आणायला राजूरला गेली. नानांकडं बॅग होती, पण ते छापील किमतीच्या खाली उतरायला तयार नव्हते. भैय्या उतरला.

“जिजी, बिनपावतीची घ्या. बॅगेमागं पन्नास रुपये कमी.”

“पावती नको का पण?”

“बी उगवायला पावती लागती का?”

दुकानातले चार जण हसले. जिजीनंही हसून पैसे मोजले. वाचलेल्या शंभरात घरात तेल आलं.

त्या साली मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. कारण आदल्या वर्षी घडलेलं होतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, उभं सोयाबीन भिजलं आणि बियाण्यालायक माल कमी पडला. मागणी मात्र तेवढीच. माल कमी पडला की भाव चढतो, हे सगळ्यांना कळतं. भाव तोच राहून मालाचा दर्जा उतरू शकतो, हे बॅग शिवलेली असताना कुणाला दिसत नाही. तक्रारींचा पूर आला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं बातम्यांची स्वतःहून दखल घेतली, आणि गावोगाव पंचनाम्याची पथकं फिरू लागली.

पथक जिजीच्या बांधावर आलं. साहेबांनी मातीत बोट घालून कुजलेले दाणे पाहिले आणि विचारलं, “पावती?”

नव्हती. बॅगेचा टॅगही नव्हता. रिकामी बॅग सुनेनं गोठ्यात अंथरली होती.

शेजारच्या वावरातही उगवलं नव्हतं. त्यानं नानांकडून पूर्ण भावानं घेतलं होतं, म्हणजे नानांची बॅगही काही सोन्याची नव्हती. पण त्याच्याकडं पावती, टॅग आणि बॅगेच्या तळाशी उरलेलं मूठभर बी होतं. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढं त्याचा कागद गेला आणि कंपनीनं त्याला बदली बॅगा दिल्या. जिजीनं मोडून मका पेरला. त्या शंभर रुपयांची किंमत तिला त्या हंगामात सोयाबीनच्या दोन एकरांएवढी पडली.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. शेतकरी हा बियाण्याचा ‘ग्राहक’ आहे का, यावर कंपन्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की आहे, आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. म्हणजे दार उघडं आहे. आत जायचं तर हातात पावती लागते.

त्या हंगामात नानांचंही नाव पंचनाम्यात लागलं. नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, तालुक्याला चकरा झाल्या. विकलेल्या बॅगेमागं त्यांना शे-दीडशे रुपये सुटत आणि तेवढ्यासाठी चाळीस वर्षांच्या दुकानावर लोक संशय घेऊ लागले. नाना हिशेबी माणूस. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांनी ओट्यावर ओली पोती अंथरली आणि खडूनं फळ्यावर लिहिलं : घरचं बियाणं आणा, उगवण तपासून न्या, पैसे नाहीत.

समोरून भैय्यानं वाचलं आणि म्हणाला, “नाना, तुम्ही बी विकू राहिले का लोकांना बी घेऊ नका सांगू राहिले?”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. सोयाबीन हे सरळ वाणाचं पीक. परागीभवन फुलातल्या फुलात होतं, त्यामुळं चांगलं राखलेलं घरचं बी दोन-तीन वर्षं बिनधास्त चालतं. कपाशीचं तसं नाही, तिचं पाकीट दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. एकाच शेतकऱ्याच्या खिशातून दोन बियाण्यांना पैसे जातात, पण एका बाबतीत तो ‘नको’ म्हणू शकतो आणि दुसऱ्या बाबतीत म्हणू शकत नाही. त्या वर्षी खासगी कंपन्यांची सोयाबीनची बॅग तीन हजारांच्या वर गेली होती. जिथं ‘नको’ म्हणता येत होतं तिथं लोक म्हणू लागले होते. नानांनी ते आधी ओळखलं आणि बॅग खपत नसेल तर बॅगेभोवतीचं काय खपेल याचा विचार केला. घरचं बी पेरणाऱ्यालाही बीजप्रक्रिया करावी लागते. बुरशीनाशक, रायझोबियमची पाकिटं, ट्रायकोडर्मा यांवर सुटणारा पैसा थोडा, पण त्यात तक्रार नाही आणि माणूस दुकानाशी बांधला जातो.

जिजीनं आदल्या दिवाळीत भावकीतल्या एकाकडून, ज्याचं सोयाबीन तरलं होतं, बाजारभावानं सत्तर किलो घेऊन ठेवलं होतं. हातानं निवडलं, फुटके आणि सुरकुतलेले दाणे काढले, ज्यूटच्या पोत्यात भरून लाकडी फळीवर ठेवलं. पोतं आपटायचं नाही, थप्पी लावायची नाही. सोयाबीनचं टरफल इतकं पातळ असतं की उंचावरून टाकलेल्या पोत्यातलं बी बाहेरून धड आणि आतून मेलेलं निघतं.

त्यातलं ओंजळभर घेऊन ती नानांच्या ओट्यावर आली. नानांनी पोतं पाण्यात भिजवून पिळलं, जमिनीवर पसरलं आणि तिला म्हणाले, “निवडून नका घेऊ, जिजी. हाताला येईल तसं घ्या. तपासणीला गोरे गोरे दाणे लावले तर वावर ऐकत नसतं.” तिनं दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, बोटभर अंतर ठेवून. वरून दुसरं ओलं पोतं. मग दोन्हींची गुंडाळी करून सुतळीनं सैल बांधली आणि दुकानातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवली. नानांचा पोऱ्या सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचा.

पाच दिवसांनी गुंडाळी उघडली तेव्हा ओट्यावर सात-आठ जण जमले. पांढरे जाड मोड, काही वाकडे, काही अर्धेच. एका ओळीत तीन दाणे बुरशीनं करडे झालेले. जिजीनं धड मोड आलेले दाणेच मोजले. वाकडा आला की नाना मान हलवायचे आणि ती तो बाजूला काढायची.

“त्र्याऐंशी.”

“सत्तरच्या वर चालतं. एकरी तीस किलो घ्या. सत्तरच्या खाली असतं तर बी वाढवावं लागलं असतं आणि साठच्या खाली असतं तर गुरांना घाला म्हटलं असतं.”

नातवानं लगेच मोबाइलवर हिशेब केला. दोन एकरांच्या दोन बॅगांना सहा हजारांच्या वर लागले असते. जिजीनं रायझोबियमची पाकिटं घेतली आणि हात पुढं केला.

“नाना, पावती.”

“साठ रुपयांच्या पाकिटाची?”

“हौ. साठ रुपयांच्याच.”

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं. नातू दिवसातून चार वेळा भाव वाचून दाखवायचा. केंद्र सरकारनं त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली आणि माल घरात यायच्या वेळेला भाव पाच हजारांच्या आसपास आला. पुष्कळांनी माल विकला नाही, घरात ठेवला, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांना सहा-सात हजार मिळाले. त्या अनुभवावर विसंबून ज्यांनी पुढच्या साली पुन्हा ठेवला त्यांचे हात पोळले. शेतकऱ्याला साठवणुकीचं तंत्र कळत नाही असं शहरात बोललं जातं. कळतं. मंत्रालयात कोणत्या तारखेला काय ठरणार तेवढं कळत नाही.

जिजीनं मात्र तीन क्विंटल वेगळं काढलं, विकायला नाही, बियाण्याला.

गोष्टीचा खरा पेच इथून पुढं आहे. २०२२ च्या मेमध्ये दुकानात बॅग चार हजारांच्या घरात होती. जिजीचं बी पोत्यात पंच्याऐंशी उगवल्याची बातमी ओट्यावरून गावभर गेली आणि लोक तिच्या दारात येऊ लागले. काल गिऱ्हाईक असलेली बाई आज दुकानदार झाली.

नातू म्हणाला, “साडेतीन हजारांनी देऊ. दुकानापेक्षा पाचशे कमीच आहे. लोक दुवाच देतील.”

“बाजारात सोयाबीन काय भाव हाय?”

“साडेसहा हजार. म्हणजे तीस किलोचे एकोणीसशे पन्नास.”

“निवडणीची मजुरी, पोतं, घट धर. चोवीसशेला दे.”

“आजी, अकराशे रुपये सोडून द्यायचे? दुकानदार घेतो ते चालतं, मग आपण कामून नको?”

नातवाच्या प्रश्नात खोट नव्हती. भाव म्हणजे दोघांनी कबूल केलेला आकडा, आणि साडेतीन हजार द्यायला लोक तयार होते. जिजीनं धर्म-पुण्याचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, “वर्षाआड आपल्याकडं काढणीत पाऊस येऊ राहिला. ज्या साली मपलं भिजल त्या साली मी ह्यांच्याच दारात जाणार हाय. आज मी साडेतीन घेतले तर तवा ते चार मागतील.”

तिनं चोवीसशेनं दिलं. हे कायद्यातही बसत होतं. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चं कलम ३९ शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायला, पेरायला, देवघेव करायला आणि विकायलाही मुभा देतं. फक्त त्यावर ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. जिजीच्या पोत्यावर जुन्या साखर कारखान्याचं नाव होतं, तेवढाच काय तो ब्रँड.

आणि मग तिच्या चांगुलपणाला भोक पडलं. भावकीतला एक जण चार एकर सांगून चार पोती घेऊन गेला. आठवड्यानं नातू भोकरदनच्या बाजारातून चिडून आला. तीच पोती, तोच शिक्का, आणि तो माणूस तेहतीसशेनं विकत होता. बसल्या जागी त्यानं छत्तीसशे कमावले.

“बघ. तू सोडलेले पैसे त्याच्या खिशात गेले. गरिबाला काही मिळालं नाही.”

कमी भाव ठेवला की माल गरजवंतालाच मिळतो असं नाही. मधली फट जो आधी पाहतो तो तिच्यात हात घालतो. जिजीनं तीन दिवस त्या भावकीशी बोलणं टाकलं, पण भाव वाढवला नाही. पुढच्या वर्षी तिनं सातबारा मागायला सुरुवात केली. जेवढं रान तेवढंच बी, एकरी तीस किलो, आणि पेरून झाल्यावर वावर दाखवायचं.

“रेशनचं दुकान काढलंस तू,” नातू म्हणाला.

“काढलं तर काढलं.”

आता समोरच्या दुकानाकडं वळू, कारण भैय्याला सरळ खलनायक करून टाकणं सोपं आहे आणि ते त्याच्यावर अन्यायाचं होईल.

बीटी कपाशी २००२ साली आली तेव्हा पाकीट सोळाशेच्या वर होतं. पुढं राज्यांनी आणि २०१६ पासून केंद्रानं त्याच्या किमतीवर मर्यादा घातली. २०२४ साली बीजी-२ या बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला कमाल ८६४ रुपये. मर्यादा सगळ्या वाणांना एकच, पण लोकांना हवा असतो एखादाच वाण, ज्यानं आदल्या वर्षी कुणाच्या तरी वावरात झाड वाकवलेलं असतं. विदर्भात अकोल्याला त्या मे महिन्यात शेतकरी उन्हात रांगा लावून उभे होते. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी कोपऱ्यावर बोलावतं आणि सांगतं, आहे एक पाकीट, दीड हजार पडतील.

राजूरच्या या दोन दुकानांतही त्या वाणाची थोडीच पाकिटं आली. नानांनी साठाफलकावर आकडा लिहिला आणि जिजीचा नियम लावला : सातबारा दाखवा, माणशी दोन. पहाटेपासून उभे असलेले निम्मे लोक रिकाम्या हातानं शिव्या देत गेले. नाना त्यांना सांगत होते, “अळीला मारणारी जनुकं सगळ्याच बीजी-२ मध्ये तीच हायेत, आणि गुलाबी बोंडअळी आता त्यांनाही दाद देईना. दुसरा वाण घ्या.” कुणी ऐकलं, बहुतेकांनी नाही.

नातू त्या संध्याकाळी जिजीला हिशेब मांडून दाखवत होता. दीड हजाराचं पाकीट म्हणजे ६३६ रुपये जास्त. एकराला दोन पाकिटं, म्हणजे १,२७२. कापूस सात हजार धरला तर अठरा किलो कापूस जास्त निघाला की पैसे फिटले. “अठरा किलो, आजी! एवढ्यासाठी कोण रांगेत मरेल?”

पोरगं बरोबर होतं. काळा बाजार लोक मूर्ख आहेत म्हणून चालत नाही. एकेकट्याच्या हिशेबात तो परवडतो म्हणून चालतो. पण नातवाच्या मांडणीत एक रकाना सुटला होता आणि तो जिजीनं भरला.

“त्या दीड हजाराची पावती देतो का त्यो?”

“कसा देईल? दिली तर ८६४ चीच देईल.”

“आन् पाकीट बोगस निघालं तर?”

नातू गप्प बसला. जिजीनं दुसऱ्या वाणाची चार पाकिटं नानांकडून ८६४ नं घेतली. त्या वर्षी तो मागणीचा वाण काही वावरांत खरंच चांगला आला, हे सांगायला हवं. जिजीला त्यांच्यापेक्षा थोडं कमी निघालं. ती त्यावर काही बोलली नाही.

भैय्यानं पाकिटं कोपऱ्यावर विकली का, हे गावात ज्याला त्याला माहीत होतं आणि कुणीही लिहून द्यायला तयार नव्हतं. पण त्याला खरं खाल्लं ते खतानं. डीएपीची गोणी १,३५० रुपये, युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे. हे भाव सरकारनं बांधलेले आणि डीएपीचा तुटवडा. वरून येणारा माणूस म्हणायचा, डीएपीची गाडी हवी असेल तर सोबत इतकी खोकी नॅनो खताच्या बाटल्यांची, इतकी विद्राव्य खताची घ्या. या व्यवहाराला सगळीकडं ‘लिंकिंग’ म्हणतात. विक्रेत्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे आणि कृषी खात्यानं ताकीदही दिली आहे. तरी हंगामात ते चालतंच. भैय्यानं खोकी घेतली आणि तीच गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातली. एका गोणीला एक बाटली. पॉस मशीनवर अंगठा गोणीचा, बाटली वहीवर.

नानांनी खोकी नाकारली. त्यांना गाडी मिळाली नाही. जूनमध्ये दुकानात डीएपीची एक गोणी नाही आणि समोर झुंबड, असं दोन हंगाम चाललं. चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं डोळा चुकवून पलीकडं गेली. नानांच्या मुलानं दुकान विकायची भाषा केली. या काळात नानांनी केलं ते इतकंच की फळ्यावर दुसरी ओळ लिहिली : डीएपीच्या एका गोणीऐवजी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धी गोणी युरिया. स्फुरद, नत्र तेवढंच पडतं आणि सुपर फॉस्फेटमधलं गंधक सोयाबीनसारख्या तेलबियांना वर फायद्याचं. गोण्या वाहायला जास्त लागतात, म्हणून लोक आधी कुरकुरले. मग ज्यांच्याकडं छोटा टेम्पो होता त्यांनी चौघांचं मिळून नेलं.

लिंकिंगला गिऱ्हाइकांचं उत्तर दिवाळीनंतर आलं, वसुलीच्या वेळी. कापूस विकून उधारी फेडायला आलेला माणूस भैय्याच्या वहीवर बोट ठेवून म्हणायचा, “गोणीचे देतो. ही बाटली मी मागितली नव्हती. तिचे न्हाई देणार.” एकानं म्हटलं, ऐकून दुसऱ्यानं म्हटलं. उधारीवर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नाही, पण देताना त्याचा हात वर असतो. भैय्या कुणाकुणाशी भांडणार? पुढच्या जूनला हेच लोक हवे होते. माळ्यावर मुदत संपलेल्या बाटल्यांची खोकी साचत गेली, आणि त्या परत घ्यायला वरून कुणी येत नाही.

शेवटी एका दुपारी भैय्या रस्ता ओलांडून नानांच्या ओट्यावर आला.

“नाना, तुमची किती अडकली?”

नानांनी वही त्याच्यापुढं सरकवली. खालच्या चार ओळी सोडल्या तर सगळ्यांवर काट मारलेली होती.

“तुपला धंदा मपल्या तिप्पट हाय, भैय्या,” नाना म्हणाले. “पण तुपला पैसा लोकांकडं पडून हाय आणि माल माळ्यावर.”

भैय्यानं त्यानंतर लगेच सगळं बदललं असं नाही. धंदा असा एका दुपारीत बदलत नाही. त्यानं पक्की बिलं द्यायला सुरुवात केली, कारण आता गिऱ्हाईकच मागू लागलं होतं. लिंकिंगची खोकी निम्मी केली. कपाशीच्या पाकिटांचं काय, ते अजूनही कुणी लिहून देत नाही. २०२५ साली पाकिटाची मर्यादा ९०१ रुपये झाली, आणि गल्ला आजही भैय्याचाच मोठा आहे.

जिजीचं म्हणणं मात्र खरं ठरलं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, वावरं पाण्याखाली गेली आणि काढणीला आलेलं सोयाबीन काळं पडलं. हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण बाजारात भिजल्या मालाला विचारणारं कुणी नव्हतं. जिजीच्या दोन एकरांतून बियाण्याला ठेवावं असं पोतंभरही निघालं नाही. तिनं सातबारा मागितलेल्यांपैकी एकाचं रान उंचावर होतं. त्यानं तिला साठ किलो दिलं, बाजारभाव आणि निवडणीची मजुरी घेऊन. शिवाय तिनं जानेवारीत विहिरीवर अर्धा एकर उन्हाळी सोयाबीन पेरलं, निव्वळ बियाण्यासाठी. पावसात भिजलेल्या खरिपानंतर पुष्कळ शेतकरी आता हेच करतात.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात पेरणी होते त्यांना एवढंच सांगायचं आहे. भिजलेल्या हंगामाचं बी, घरचं असो की बॅगेतलं, शंभर दाणे पोत्यात लावल्याशिवाय वावरात टाकू नका. बॅग घेतलीत तर पक्की पावती, टॅग, रिकामी बॅग आणि तळाचं मूठभर बी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा, आणि पन्नास रुपयांसाठी पावती सोडू नका.